गोंडस अक्षरांचे औचित्य

महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्या मराठीत असल्या पाहिजेत आणि त्यांवरील देवनागरी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असता कामा नयेत, असे राज्याच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना अधिनियमात दुरुस्ती करून ठरविले. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांत पाट्या लावण्यास सांगितले आणि वकिलांवर पैसे घालविण्यापेक्षा ते पाट्यांवर खर्च करावेत, असा वडीलकीचा सल्लाही दिला. मराठी अक्षराच्या उंचीचा प्रश्न याप्रमाणे कायद्याने सोडविला. अक्षराच्या वळणाचा प्रश्न मात्र कोणाच्या खिजगणतीतही आला नाही. वळण कायद्याने ठरविता येत नाही, हे खरे. परंतु कायद्याने ठरविता येत नाही म्हणून विचारही करू नये, असे थोडेच आहे? कोणत्या जागी कोणते अक्षर शोभते, याचा विवेक ज्या समाजाला राहत नाही, त्याच्या पाट्या कितीही मोठ्या झाल्या तरी त्या वाचणाऱ्याचा मान राखतीलच, असे नाही. या विवेकाची आज सर्वांत मोठी परीक्षा पाहत आहे ते गोलमटोल, हाताने काढल्यासारखे दिसणारे, खेळकर अक्षर.

हे अक्षर ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. त्याची टोके बोथट असतात, कोपरे घासून गोल केलेले असतात, रेघेची जाडी बहुधा सर्वत्र सारखी असते आणि ओळीतील अक्षरे किंचित डुलत असल्याचा भास होतो. लहान मुलाने खडूने किंवा जाड पेन्सिलीने लिहावे, तसे ते दिसते. पाहणाऱ्याला ते हसविते. निदान त्याच्या कपाळावरची आठी घालविते. यात वाईट काहीच नाही. तक्रार सुरू होते ती हे हसणारे अक्षर हसण्याची जागा सोडून भलतीकडे जाऊन बसते तेव्हा. बारशाच्या आमंत्रणावर खुलणारे वळण शोकसभेच्या सूचनेवर उतरते, किंवा खाऊच्या पुडीवरचे वळण औषधाच्या मात्रेसंबंधी ताकीद देऊ लागते, तेव्हा वाचणाऱ्याला प्रथम हसू येते आणि मग शंका येते. सांगणाऱ्याला आपण काय सांगत आहोत याचे गांभीर्य आहे काय, असे त्याला वाटू लागते. ही शंका एकदा मनात आली की सूचनेतील मजकूर कितीही अचूक असला तरी त्याचे वजन कमी होते.

या अक्षरप्रकाराचा जगातील सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत बदनाम प्रतिनिधी म्हणजे कॉमिक सॅन्स. त्याची जन्मकथा बोधप्रद आहे. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट ही कंपनी संगणकाची धास्ती वाटणाऱ्या सामान्य कुटुंबांसाठी 'बॉब' नावाची एक प्रणाली तयार करीत होती. तीत व्यंगचित्रातला एक कुत्रा पडद्यावर येऊन वापरणाऱ्याला मार्गदर्शन करी. त्याचे बोलणे मात्र टाइम्स न्यू रोमन या अक्षरात उमटे. ते अक्षर १९३२ मध्ये लंडनच्या 'टाइम्स' या वृत्तपत्रासाठी घडविलेले, भारदस्त आणि करड्या शिस्तीचे. कुत्र्याच्या तोंडी अग्रलेखाची भाषा घालावी, तसा तो प्रकार होता. कंपनीतील अक्षररचनाकार व्हिन्सेंट कॉनेअर यांना ही विसंगती खटकली. त्यांनी चित्रकथांच्या पुस्तकांतील फुग्यांमधली हस्तलिखित अक्षरे समोर ठेवून नवे वळण सिद्ध केले. म्हणजे जे अक्षर पुढे अनौचित्याचे प्रतीक ठरले, त्याचा जन्म औचित्याच्या विचारातूनच झाला होता.

पुढचा इतिहास मात्र त्याच्या कर्त्याच्या हातात राहिला नाही. 'बॉब'मध्ये ते अक्षर वेळेत बसलेच नाही आणि ती प्रणालीही अल्पायुषी ठरली. परंतु अक्षर विंडोज प्रणालीबरोबर घरोघरी पोहोचले. पूर्वी अक्षराची निवड छापखान्यातील जाणता माणूस करीत असे; आता ती कारकून, शिक्षक, दुकानदार, गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस असा कोणीही एका टिचकीसरशी करू लागला. यादीतील बाकीची अक्षरे त्याला रुक्ष वाटली आणि हे एकच ओळखीचे, घरगुती वाटले. दारावरच्या सूचना, दवाखान्यांची पत्रके, स्मृतिफलक, व्यापारी पत्रे, सगळीकडे ते पसरले. तेव्हा अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील एका संकल्पनकार दांपत्याने त्याच्यावर बंदी घालण्याची अर्धी गंभीर, अर्धी विनोदी चळवळच उभारली आणि कॉमिक सॅन्सची टिंगल करणे ही सुशिक्षितपणाची एक खूण होऊन बसली.

या टिंगलीत तथ्य किती आणि तोरा किती, हे दोन प्रसंगांवरून तपासता येते. २०१० च्या जुलैमध्ये लेब्रॉन जेम्स हा नामांकित बास्केटबॉल खेळाडू क्लीव्हलँडचा संघ सोडून गेला, तेव्हा संघाचे मालक डॅन गिल्बर्ट यांनी त्याच्यावर आग पाखडणारे जाहीर पत्र प्रसिद्ध केले. ते कॉमिक सॅन्समध्ये होते. संतापाचे शब्द आणि बागडणारी अक्षरे यांचा मेळ न बसल्याने लोकांनी मजकूर बाजूला ठेवून अक्षरालाच हसून घेतले. दुसरा प्रसंग ४ जुलै २०१२ चा. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत हिग्ज बोसॉनशी जुळणारा नवा कण सापडल्याची घोषणा झाली. त्या वेळी फॅबिओला जिआनोत्ती यांनी आपल्या गटाचे निष्कर्ष ज्या पारदर्शिकांवर मांडले, त्यांतील अक्षर कॉमिक सॅन्स होते. विज्ञानातील एवढी मोठी वार्ता असल्या अक्षरात का, म्हणून गदारोळ झाला. परंतु निष्कर्षांचे वजन त्याने रतिभरही घटले नाही. जिआनोत्ती पुढे २०१६ मध्ये त्याच संस्थेच्या महासंचालक झाल्या.

या दोन प्रसंगांतील फरक लक्षात घेण्यासारखा आहे. गिल्बर्ट यांच्या पत्राजवळ शब्दांच्या सुरापलीकडे काही नव्हते आणि तो सूरच अक्षराने बिघडविला. जिआनोत्ती यांच्यामागे हजारो शास्त्रज्ञांचे श्रम आणि पडताळून पाहता येणारे पुरावे उभे होते. त्यांना अक्षराच्या आधाराची गरज नव्हती. पण सार्वजनिक जीवनातील बहुसंख्य सूचना, आदेश, आवाहने यांच्यामागे असे भक्कम पुरावे वाचकाला दिसत नसतात. पाणी गढूळ आहे, उकळून प्या, असे नगरपालिका सांगते, तेव्हा नागरिक प्रयोगशाळेचा अहवाल मागत नाही. तो सांगणाऱ्याच्या सुरावर विश्वास ठेवतो. छापील शब्दाला आवाज नसतो, त्याच्याजवळ केवळ अक्षर असते. म्हणून हा सूर सांभाळण्याची जबाबदारी अक्षरावर पडते.

काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्य हेच काव्याचे जीवित होय, असा सिद्धान्त मांडला. कमरेचा अलंकार गळ्यात आणि गळ्यातला हार कमरेला बांधला तर हसू येणारच, असा त्याचा दाखला आहे. अलंकार खोटा नसतो, जागा चुकलेली असते. गोंडस अक्षराबद्दल नेमके हेच म्हणावे लागते. त्यावर बंदी मागणारे अलंकारालाच दोष देतात, आणि ते वाटेल तेथे वापरणारे जागेचा विचार करीत नाहीत. दोघांचीही चूक एकच: अक्षराला प्रसंग असतो, हे दोघेही विसरतात.

मराठी माणसाला गोल अक्षर परके नाही. बोरूच्या तिरक्या कापाने देवनागरीला जाड-बारीक रेघेचा डौल दिला. पण त्या बोरूपर्यंत पोहोचण्याआधी मूल धूळपाटीवर बोटाने आणि पुढे दगडी पाटीवर पेन्सिलीने अक्षरे गिरवीत असे. बोट, पेन्सिल आणि खडू यांना तिरका काप नसतो. त्यांची रेघ सर्वत्र सारखी आणि टोके बोथट असतात. गोंडस अक्षर बालपणाची आठवण करून देते याचे कारण एवढे साधे आहे. ते बालपणाच्या साधनांनीच घडविलेले आहे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या समासाने केला आहे. चांगले अक्षर गोल असावे, सरळ असावे आणि मोकळे असावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. ओळींभोवती कोरी जागा सोडावी, पहिल्यापासून अखेरच्या अक्षरापर्यंत वळण एकसारखे राहावे, तरुणपणी हौसेने काढलेले अतिबारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असेही ते बजावतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या या उपदेशात वृद्ध वाचकाच्या डोळ्यांची काळजी आहे, हे आजच्या सूचनाफलककर्त्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि त्यात गोलपणाबरोबर मोकळेपणाची जी अट आहे, तीच आजच्या प्रश्नाची किल्ली आहे.

शिशाच्या खिळ्यांच्या काळात ही अट आपोआप पाळली जाई. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइपाला जे सुडौल रूप दिले, ते ग्रंथाच्या वाचनासाठी होते. सामान्य छापखान्यात टाइपाचे प्रकार मोजके असत. जुळाऱ्याला हौस असली तरी साधने नसत. टंचाईने का होईना, औचित्य टिकून राहिले. खेळकर अक्षर हवे असेल तेव्हा ते चित्रकाराकडून काढून घ्यावे लागे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी आणि नियतकालिकांच्या मथळ्यांसाठी जी अक्षरे काढली, त्यांत नाटकाची जात नावाच्या वळणातच कळून येई. फार्साचे अक्षर वेगळे, शोकांतिकेचे वेगळे, ऐतिहासिक नाटकाचे त्याहून वेगळे. शेडगे २०२० मध्ये निवर्तले. त्यांचा धडा असा की खेळकरपणा हाही विचारपूर्वक करण्याचा उद्योग आहे. प्रत्येक शीर्षकासाठी नवे अक्षर काढणारा कलावंत आधी नाटक समजून घेतो. तयार फाँट निवडणाऱ्याला मजकूर समजून घेण्याची सक्ती कोणी करीत नाही.

संगणकावर देवनागरी आली तेव्हा आरंभी निवडीला वाव थोडा होता. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडविलेला 'मंगल' हा फाँट असंख्य कार्यालयांत पोहोचला आणि इतर काही हाताशी नसल्याने तो लग्नपत्रिकेपासून निविदा सूचनेपर्यंत सर्वत्र वापरला गेला. गेल्या दहा-बारा वर्षांत ही टंचाई संपली, आणि ती संपविण्यात मुंबईतील मंडळींचा मोठा वाटा आहे. 'एक टाइप' या मुंबईच्या संस्थेतून आलेला 'मोदक' हा फाँट नावाप्रमाणेच टम्म फुगलेला आहे. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी तो घडविला. त्यातील अक्षरे इतकी भरलेली आहेत की त्यांच्या पोटातील मोकळी जागा बारीक रेघेएवढीच उरते. त्याच संस्थेच्या 'बालू' या गुबगुबीत फाँटचे कुटुंब भारतातील अनेक लिप्यांत पसरलेले आहे. गुजराती 'भाई', बंगाली 'दा', पंजाबी 'पाजी', मल्याळी 'चेट्टन', तमिळ 'तंबी' अशी भावाला हाक मारण्याची त्या त्या भाषेतील नावे त्याला दिली आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील हाताने रंगविलेल्या पाट्यांचे स्मरण ठेवून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' घडविला. हे फाँट कोणालाही विनामूल्य मिळतात. मराठीच्या दृष्टीने ही समृद्धी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. देवनागरीला केवळ पोथी आणि परिपत्रक एवढेच येते, हा समज या कलावंतांनी खोटा ठरविला.

परंतु समृद्धीबरोबर विवेकाची गरज वाढते, आणि देवनागरीच्या बाबतीत ती रोमन लिपीपेक्षा अधिक आहे. रोमन अक्षरे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि ऋकार, मध्ये जोडाक्षरे, अशी तीन मजल्यांची वस्ती असते. अक्षर जाड केले की ही वस्ती दाटते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष', 'ब' आणि 'व' यांतील भेद एखादी गाठ, एखादी मोकळी फट किंवा एक तिरकी रेघ एवढ्यावरच अवलंबून असतो. फुगीर अक्षरात नेमक्या याच फटी प्रथम बुजतात. मोठ्या भित्तिपत्रकावर हातभर उंचीचे 'मोदक' अक्षर झोकात दिसते. तेच औषधाच्या वेष्टनावर किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बारीक केले की अक्षरांचे गोळे होतात. अनुस्वार शिरोरेघेला चिकटतो, आणि मराठीत अनुस्वार गेला की वचन बदलते, अर्थ बदलतो. अक्षर गोल राहते, पण मोकळे राहत नाही.

यावरून गोंडस अक्षराची खरी जागा कोणती, ते बरेचसे स्पष्ट होते. जेथे शब्द थोडे, आकार मोठा आणि सूर आनंदाचा, तेथे त्याने खुशाल बागडावे. बालनाट्याची जाहिरात, बालवाडीची पाटी, गोष्टीच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ, चित्रकथेतील संवाद, मिठाईचा खोका, आइस्क्रीमची गाडी, आनंदमेळ्याची कमान, गणेशोत्सवातील मुलांच्या स्पर्धांचा फलक, वाढदिवसाचे आमंत्रण, ही सगळी त्याचीच ठिकाणे आहेत. तेथे निर्णयसागरी गांभीर्य आणणे हेही अनौचित्यच. पाहुण्यांना खेळायला बोलवावे आणि दारात कोर्टाची नोटीस लावावी, तसे ते होईल. बोलण्याची नक्कल करायची असेल तेथेही हे अक्षर फार उपयोगी पडते. चित्रातील पात्राच्या तोंडचे वाक्य छापील अक्षरात आले की ते बोललेले वाटत नाही, वाचून दाखविल्यासारखे वाटते. कॉनेअर यांना जे खटकले ते हेच होते.

मुलांच्या बाबतीत मात्र एक गल्लत टाळली पाहिजे. मुलांना आवडते म्हणून सारे पाठ्यपुस्तक गोंडस अक्षरात छापावे, असे म्हणणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. मुखपृष्ठ आणि मथळा वेगळा, धडा वेगळा. नुकतेच वाचू लागलेले मूल शब्द ओळखत नसते, एकेक अक्षर सोडवीत असते. त्याला अक्षराचा प्रत्येक अवयव नीट दिसला पाहिजे. मराठीतील 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. जो फाँट पुस्तकात येईल, त्याचेच वळण मूल गिरवील. म्हणून धड्याचे अक्षर आकाराने मोठे, सडसडीत, मोकळ्या पोटाचे आणि मराठी वळणाचे असावे. हवे तर टोके गोल असावीत, पण फुगवटा नसावा. वाचनात विशेष अडचण येणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या मुलांच्या संदर्भात कॉमिक सॅन्सची शिफारस नेहमी पुढे केली जाते. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत सोप्या अक्षरांच्या उदाहरणांत त्याचे नाव आहे, हे खरे. पण ती शिफारस रोमन लिपीची आहे. तेथील घोटाळा 'बी' आणि 'डी' यांच्या आरशातील प्रतिमांचा. येथील घोटाळा 'घ' आणि 'ध' यांचा. त्याशिवाय वळणापेक्षा अक्षरांमधील मोकळ्या जागेचा लाभ अधिक होतो, असे दाखविणारे संशोधनही झाले आहे. तेव्हा इंग्रजीतील उपाय उचलून मराठी मुलांवर लादण्यापेक्षा मराठी मुलांसमोर मराठी अक्षरे ठेवून पाहणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

जेथे हे अक्षर नसावे, त्या जागाही तितक्याच स्पष्ट आहेत. मृत्यूची वार्ता, श्रद्धांजली, हुतात्म्यांचे स्मारक, न्यायालयाची आणि निवडणुकीची सूचना, रुग्णालयातील दिशादर्शक पाट्या, औषधाची मात्रा, विजेच्या धोक्याचा इशारा, पूर आणि साथ यांसंबंधीचे आवाहन, विम्याच्या आणि कर्जाच्या अटी, या ठिकाणी वाचणाऱ्याचे काहीतरी पणाला लागलेले असते. कोणाचे दुःख, कोणाचे मत, कोणाचा जीव, कोणाची आयुष्याची पुंजी. तेथे अक्षराने लाडिकपणा केला तर तो वाचणाऱ्याचा अपमान ठरतो. कर्जाच्या जाचक अटी गोबऱ्या अक्षरांत सांगणाऱ्या जाहिरातीत तर अपमानाबरोबर फसवणुकीचाही वास येतो. कठोर गोष्ट मऊ आवाजात सांगून गळी उतरविण्याची ही युक्ती आहे. अक्षराच्या निरागसतेचा असा वापर करणारे त्याचे खरे बदनामीकर्ते होत. ओळखीचे वळण पाहून सोसायटीच्या फलकावर सूचना लिहिणारा भाबडा चिटणीस नव्हे.

त्या चिटणीसाची बाजू येथे घेतलीच पाहिजे. कॉमिक सॅन्सची टवाळी करणाऱ्यांत अभिरुचीच्या आस्थेपेक्षा वर्गीय अहंता पुष्कळदा अधिक दिसते. सामान्य माणूस हे अक्षर निवडतो, कारण हुकमी भाषेतल्या सूचनेला त्याला थोडा माणुसकीचा ओलावा द्यायचा असतो. जिन्यात चपला ठेवू नयेत, हे शेजाऱ्यांना सांगताना त्याला दरडावायचे नसते. त्याची प्रेरणा चांगली आहे, साधन कच्चे आहे. हा ओलावा शब्दांतून आणता येतो. 'कृपया' हा एक शब्द दहा गोल अक्षरांचे काम करतो. आणि जिन्यातील चपलांसाठी त्याने गोल अक्षर वापरलेच, तर आकाश कोसळत नाही. कठोर मोजमाप लावायचे ते अधिकाराच्या जागांना: शासनाला, महापालिकांना, रुग्णालयांना, बँकांना आणि विद्यापीठांना. त्यांच्याजवळ पैसा आहे, तज्ज्ञ मिळण्याची सोय आहे, आणि त्यांचे अक्षर चुकले तर ते लाखोंना भोगावे लागते.

अशा जागांनी काय करावे, याचे चांगले उदाहरण ब्रिटनने घालून दिले आहे. तेथील रस्त्यांवरील पाट्यांसाठी जॉक किनिअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी नवे अक्षर घडविले. त्याच्या कडा सौम्य आहेत, पण त्याचा मोकळेपणा कोठेही बुजलेला नाही. ते स्वीकारण्यापूर्वी विमानतळाच्या मोकळ्या मैदानात माणसे बसवून, मोटारींवर पाट्या लावून त्या त्यांच्या दिशेने चालविल्या आणि कोणती किती अंतरावरून वाचता येते ते पाहिले गेले. त्यावर वृत्तपत्रांतून वादही झडले. १ जानेवारी १९६५ पासून ती पद्धती अमलात आली आणि आजही टिकून आहे. महाराष्ट्रात देवनागरी अक्षराचे जाणकार नाहीत, असे नाही. ज्यांची नावे वर आली, त्यांचे फाँट तर विनामूल्य उपलब्ध आहेत. 'एक टाइप'चाच 'मुक्त' हा साधा, मोकळा फाँट दीर्घ मजकुरासाठी आहे. 'बालू'च्या सुधारित आवृत्तीत हलक्या जाडीचे प्रकारही आहेत. उणीव साधनांची नाही. सूचना छपाईला जाण्यापूर्वी ती कोणत्या अक्षरात असावी, हे ठरविण्याची जबाबदारी कोणावरच नाही, ही खरी उणीव आहे. मजकूर साहेब मंजूर करतात, खर्च लेखा विभाग मंजूर करतो आणि अक्षर फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातील मुलगा त्याच्या संगणकावर जे असेल ते घालतो.

प्रत्येक महापालिकेने आणि जिल्हा परिषदेने आपल्या पाट्यांसाठी व सूचनांसाठी दोन-तीन देवनागरी अक्षरवळणे ठरवून टाकावीत, ती कोठे वापरावीत आणि कोठे वापरू नयेत याची एका पानाची सूचना काढावी आणि कंत्राटात ती अट म्हणून घालावी. यासाठी समिती, दौरा आणि जाडजूड अहवाल यांची आवश्यकता नाही. ठरविण्यापूर्वी एकच कसोटी लावावी: पाटी भिंतीवर टांगावी, साठी उलटलेल्या चार माणसांना चष्म्याशिवाय दहा पावलांवर उभे करावे आणि वाचायला सांगावे. शाळकरी मुलांनाही तेथेच उभे करावे. गोल अक्षर या कसोटीला उतरले तर त्याला अवश्य जागा द्यावी. महापालिकेच्या बागेतील घसरगुंडीजवळच्या पाटीवर ते उतरेल आणि शोभेलही. त्याच महापालिकेच्या अपघात विभागाच्या दारावर ते उतरणार नाही.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा सर्वत्र आनंद व्यक्त झाला आणि तो योग्यच होता. परंतु भाषेची प्रतिष्ठा जशी ताम्रपटांत आणि पोथ्यांत असते, तशीच ती सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरील सूचनेतही असते. खेड्यातून आलेली एखादी वृद्ध स्त्री, जिला शाळेत चारच इयत्ता शिकता आल्या, ती अक्षरे जुळवीत त्या सूचनेसमोर उभी राहते. औषध जेवणाआधी घ्यायचे की नंतर, हे तिला त्या भिंतीवरून कळायचे असते. तिच्यासाठी अक्षर मोकळे असले पाहिजे. तिच्या नातवाच्या गोष्टीच्या पुस्तकावर ते हवे तितके गुबगुबीत असू द्यावे. एवढा फरक ज्या कार्यालयाला कळेल, त्याच्या पाट्यांची उंची मोजण्यासाठी कायद्याची पट्टी घेऊन फिरावे लागणार नाही.